पंखाखालची शीर

पहाटे साडेपाचला शेकियोंडो जाळी उघडतो,
वेलदोड्याच्या जुन्या मळ्यापलीकडे,
जिथे चहाचा हिरवा संपून
उसांबाराचा खरा हिरवा सुरू होतो.
धुक्यात पाखरांना ती दिसत नाही.
आम्हालाही. दोनदा मीच अडकलेय.

पहिला शिंजीर त्याने माझ्या तळहातावर ठेवला
तेव्हा मी ओरडले होते,
"अरे, याला ताप आहे!"
सगळे हसले. अजून हसतात.
एक्केचाळीस अंश: पाखराचं हे रोजचंच अंग.

याच अंगाने झुबेरी माझ्या मांडीवर होता
मुहेझाच्या दवाखान्यात, चार रात्री.
होमा, होमा, म्हणत मी दारोदार,
आणि काचपट्टीवर त्याचं रक्त
मीच वाचलं,
कारण त्या रात्री पाळी माझीच होती.

तेवीस वर्षं माणसांचं रक्त वाचलं.
माणसाची तांबडी पेशी म्हणजे रिकामी बशी.
तिच्यात अंगठी दिसली की लिहायचं अधिक.
फार दिसल्या, अधिक अधिक अधिक,
आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईकडे बघायचं टाळायचं.
नावं हाताच्या बोटांवर मावतील एवढी,
रोजचं त्यातलं एकच.

पाखराच्या पेशीला मात्र बी असते.
लांबट पेशी, मधोमध जांभळा चिंचोका,
आणि त्याला वळसा घालून,
चुलीपाशी निजलेल्या मांजरासारखा,
हिमोप्रोटियस.
पोटात काळसर सोनेरी कण,
खाल्लेल्या रक्ताची राख.
प्लाझमोडियमला एवढी रीत नसते,
तो चिंचोक्यालाच कोपऱ्यात रेटतो.
आणि ल्युकोसायटोझून
पेशीला दोन्ही टोकांनी ओढून शेपट्या काढतो,
राख मागे ठेवत नाही.

मंगळवारी एका हिरव्या बुलबुलात तिघेही निघाले.
पंखाखालची शीर, सुईचं टोक, एक थेंब.
सोडताना त्याने शेकियोंडोचं बोट फोडलं
आणि उंबराच्या फांदीवरून
आमच्या सात पिढ्या उद्धरल्या.
इतकं सगळं अंगात वागवून
इतका आवाज!

मोरोगोरोची नाएलिजवा रात्री यंत्र लावते.
चार अक्षरांच्या लांबच लांब ओळी,
आणि माझ्या डोळ्याला एकच दिसलेला
तिच्या पडद्यावर दोन होतो, कधी तीन.
एका अक्षराची चूक, म्हणते मी.
चूक नव्हे, घराणं, म्हणते ती.
गेल्या पावसात एक असं निघालं
जे तिच्या कुठल्याच यादीत नव्हतं.
वरच्या कड्यावरच्या कस्तुरातलं.
पाखराच्या नावातली तोडलेली अक्षरं, पुढे आकडा,
झालं बारसं. पेढे नाहीत.

शेकियोंडो काही बोलला नाही.
मग जाळीतलं पान सोडवता सोडवता,
"वरचं रान तुटलं तर कस्तूर जाईल.
आणि त्याच्या आतला तो?"
तोही जाईल, म्हटलं.
"त्याचं सुतक कोण धरणार?"

मी धरणार नाही, असं तेव्हा वाटलं.
याच्याच कुण्या चुलत्याने
माझं पोर चार रात्री भाजलं होतं.
पण दुपारी पुन्हा भिंगाखाली गेले,
पट्टी सरकवत, ओळीमागून ओळ,
आणि तो दिसला तेव्हा
मी श्वास रोखला,
जणू माझ्या फुंकरीने उडून जाईल.

रविवारी टांगाहून झुबेरीचा फोन येतो.
पाखरांचं विचारतो, मग माझ्या गुडघ्यांचं.
"या वेळी काय सापडलं, आई?"
एक नवा. अजून कुणीच न पाहिलेला.
"मग मारलास ना?"
नाव ठेवलं, म्हटलं.

तिकडून बराच वेळ
नुसता सिमेंटच्या गिरणीचा आवाज.